पाव नंबर

मेहुण्याच्या दुकानात डोळे तपासायला बसलो, तेव्हा लांबचं मला इतकं धूसर दिसायला लागलं होतं की बस निघून गेल्यावर कळायचं, ती आपलीच होती. तरीही चष्मा लागू नये अशी फार इच्छा. दुकान शनिवार पेठेत, जेमतेम दहा फूट लांब. त्यामुळे अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आणि समोर आरसा, अशी सोय. पाळी येईपर्यंत मी तक्त्याजवळ घोटाळत राहिलो आणि खालच्या दोन ओळी पाठ करून टाकल्या. शाळेत याच गुणावर पास होत आलो होतो. खुर्चीत बसल्यावर त्या धडाधड म्हणून दाखवल्या.

अविने मागे वळूनही पाहिलं नाही. "भावोजी, मघाशी तक्ता उलटला मी. आता तिथे आकडे आहेत."

दुकानातली तीन अनोळखी माणसं हसली. त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली. डोळ्यांच्या बाबतीत या माणसाला फसवणं शक्य नाही. कामात तो पक्का होता. पुढचं सगळं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

अविनाश माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. 'चष्मेवाला' म्हटलं की तोंड वाकडं करायचा. 'डॉक्टर' म्हटलं तर दुरुस्त करायचा नाही. त्याच्या दुकानात तपासणी फुकट असे. मला त्याचं फार कौतुक वाटायचं, तोवर एकदा भाऊबीजेच्या जेवणानंतर त्याने सुपारी कातरत मला धंदा समजावला. "तपासणी फुकट असली की नंबर निघावाच लागतो, भावोजी. नाही निघाला तर मी खायचं काय? तक्ता?"

नंबर न निघणाऱ्यांसाठी त्याच्याकडे पाव नंबर होता. सगळ्यात बारीक नंबर, असून नसल्यासारखा. एक भिंग लावायचा, काढायचा, तेच परत लावायचा आणि विचारायचा, "हे बरं, की हे?" गिऱ्हाईक डोळे बारीक करून, भुवया ताणून, जबाबदारीने सांगायचं, "दुसरं!" मग अवि माझ्याकडे बघून अगदी किंचित हसायचा. ते हसू मला किळसवाणं वाटे. मी मात्र ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून, त्याचा चहा पीत बघत असे.

मग नव्वदनंतर परदेशी फ्रेमा आल्या आणि अविचा आवाजही बदलला. "काच साधी टाकू की चांगली?" यातला 'साधी' हा शब्द तो असा उच्चारायचा, जसा एखाद्याच्या घरचा आजार विचारावा. बायको शेजारी उभी असलेला नवरा 'साधी' म्हणालेला मी एकदाही ऐकला नाही. "माणूस काचेतून बघतो, पण पैसे फ्रेमचे देतो. बघण्यापेक्षा दिसण्याला जास्त पैसे पडतात," असं तो म्हणे. पुढे हिंजवडीला कंपन्या आल्या. हा तिथे फुकट शिबिरं घ्यायला लागला. दिवसभर पडद्यापुढे बसलेली पोरं डोळे चोळतच यायची. "ती नंबर मागायलाच येतात. मी नाही कसं म्हणू?" शनिवार पेठेचं दुकान सोडून तो बाणेर रस्त्याला मोठ्या गाळ्यात गेला. तिथे आरशाची गरज नव्हती. तरी त्याने आरसे लावले, चारी भिंतींना.

एवढं सगळं माहीत असून आमच्या घरातले सगळे डोळे त्याच्याचकडे तपासले जात. कारण उघड आहे. अवि ज्यांच्या हाताखाली शिकला ते म्हातारे गोखलेकाका शनिवार पेठेतच होते. त्यांच्या दारावर पाटी होती, 'तपासणीचे पैसे पडतील. नंबर निघाला नाही तरी.' ती वाचून मी म्हणायचो, नंबर नाही निघाला तर पैसे वायाच की!

मुक्ता, आमची मुलगी, नववीत असताना मामाकडे गेली आणि चष्मा घेऊन आली. तेव्हा तिच्या टेबलावर विमानांची चित्रं चिकटवलेली असत. मुलींनाही आता हवाई दलात विमान चालवायला घेतात, ही बातमी तिने कापून ठेवली होती. त्या रात्री जेवताना तिने विचारलं, "बाबा, चष्मा असला तर घेतात का हो?" मी वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणालो, "छे गं. चष्मेवाल्यांना कोण विमान देतंय?" आठवडाभरात चित्रं निघाली. पुढे ती संगणक शिकली आणि हिंजवडीच्या कंपनीत लागली.

मागच्या वर्षी कंपनीच्या बसमध्ये ती स्वतःच्या चष्म्यावर बसली. मामा परगावी होता, म्हणून गोखलेकाकांकडे गेली. काकांनी अर्धा तास तपासलं. जुना चष्मा दिव्यापुढे धरला. मग म्हणाले, "नंबर नाही. हा पाव नंबरही तुमचा नव्हे, दुकानाचा आहे. तपासणीचे पैसे द्या आणि या."

घरी येऊन मुक्ताने तो मोडका चष्मा टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "म्हणजे तेव्हा माझे डोळे चांगले होते, बाबा?" भरतीचं वय उलटून वर्ष झालं होतं.

मी तसाच बाणेरला गेलो. अवि एका जोडप्याला फ्रेम दाखवत होता. त्यांच्यासमोरच विचारलं, "मुक्ताला नंबर नव्हता, हे तुला ठाऊक होतं?"

तो गडबडला नाही. "तेव्हा हे दुकान नवीन होतं, भावोजी. शाळेतली मुलगी चष्म्यात दिसली की तिच्या वर्गातल्या पाचजणी येतात. पाव नंबराने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही." आणि मग, खरोखर मायेने, "तिला नवी फ्रेम देतो. माझ्याकडून."

माझ्या तोंडात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. घरी परतल्यावरही मी थांबलो नाही. येरझाऱ्या घालत त्याचा उद्धार करत राहिलो. चोर आहे, सख्ख्या भाचीला सोडलं नाही, त्याचं तोंड पाहणार नाही, वगैरे. त्यानेच दिलेला माझा चष्मा दोनदा नाकावरून घसरला, तो मी दोनदा वर केला.

नीला, माझी बायको, भाजी निवडत ऐकत होती. भावाची बाजू घेईल असं वाटलं होतं. तिने घेतली नाही.

"खोटंच सांगितलं त्याने," ती म्हणाली. "पण निदान तपासून सांगितलं. चष्मेवाल्यांना विमान देत नाहीत, हे तुम्ही कुणाला विचारून सांगितलं होतं?"