कच्चा डाग

टपालकाकांकडे विनोद एकच होता, आणि तो त्यांनी बावीस वर्षं पुरवून पुरवून वापरला. कुणी मोटरसायकलजवळ उभं राहिलं की त्याचे दोन्ही हात धरून हँडलच्या मुठींवर ठेवायचे आणि म्हणायचे, "उजवी बघा, कशी छान तापलीय. आता डावी बघा. कोमट! आमच्या रेडिओवालीनं एक डाग कच्चा दिलाय." ऐकणारा हसायचा. काकू शेजारी असल्या तर त्याही हसायच्या आणि आत निघून जायच्या.

काकू लग्नाआधीपासून रेडिओच्या कारखान्यात होत्या. दिवसभर तापलेली कांडी धरून तारेला तार कथलानं जोडायची, म्हणजे डाग द्यायचा, हेच काम. लग्नात सासरच्यांनी अंगावरचे दागिने मोजले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या म्हणे, "बाकीच्या बायका डाग घालतात, मी डाग देते." सासूबाईंना हे काही फारसं रुचलं नव्हतं.

टपालकाकांचा टापू घाटावरचा. हिवाळ्यात धुकं असं की स्वतःचं पुढचं चाक दिसू नये. थंडीनं त्यांची बोटं सुजायची, पांढरीफटक पडायची, आणि मग ब्रेक धड दाबला जायचा नाही. काकूंनी एका सुट्टीला विजेवर तापणाऱ्या मुठी आणल्या, अंगणात सतरंजी टाकली आणि बॅटरीपासून मुठींपर्यंतचं सगळं वायरिंग एकटीनं केलं. काकांचं काम फक्त वायर धरायचं. तेही त्यांना नीट जमत नव्हतं असं काकूंचं म्हणणं.

काकूंना जाऊन चार वर्षं झाली, काका निवृत्त होऊन सहा. तरी दर गुरुवारी ते गाडी काढून जुन्या टापूवर चक्कर मारायचे. पत्रं नव्हती, पण लोक होते. यंदाच्या थंडीत उजवी मूठ एकाएकी गार पडली. एका वळणावर बोटांनी दगा दिला, ब्रेक उशिरा लागला आणि गाडी गवतात जाऊन उभी राहिली. काका ही गोष्ट पोटात ठेवणार होते, पण सुजलेल्या गुडघ्यानं चहाडी केली.

लेक कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती पुढच्याच रविवारी नव्या मुठींचा डबा घेऊन हजर झाली. डब्यात तयार वायरिंगही होतं.

"जुनं सगळं उपटून टाकू, बाबा. दीड तासाचं काम. नाहीतर गाडी विकायची."

"वायरिंगला हात लावायचा नाही," काका म्हणाले. घरातल्या कपाटातून साड्या गेल्या होत्या, चष्मा गेला होता. काकूंच्या हातचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. पण हे त्यांना बोलता येईना, म्हणून ते नुसतेच आवाज चढवून म्हणाले, "जे बिघडलंय तेवढंच बदल."

"आणि वायरिंगच बिघडलं असेल तर? तुम्हीच तर गावभर सांगता, आईचा डाग कच्चा आहे म्हणून."

स्वतःचाच विनोद असा आपल्याविरुद्ध साक्ष द्यायला येईल हे कुणाच्या डोक्यात येणार?

लेकीनं आधी फ्यूज पाहिला. शाबूत होता. बटणही ठीक होतं. मग हेडलाइट उघडून आतल्या जोडांवरची टेप सोडवली. तांदळाच्या दाण्याएवढे सहा डाग, सगळे एका मापाचे, चकचकीत. तिनं चिमट्यानं एकेक ओढून पाहिला, मीटर लावला. प्रत्येक वेळी मीटर वाजला आणि प्रत्येक वेळी काकांनी रोखलेला श्वास सोडला.

"इथं काही नाही," ती म्हणाली आणि वायरचा माग काढत उजव्या मुठीशी आली. तिथं वायर हँडलला सुतळीनं करकचून बांधलेली होती. "हे कुणी बांधलं? रेस देताना मूठ फिरते, म्हणून आईनं इथं वायर सैल सोडलेली असणार. फिरून फिरून अगदी मुठीच्या तोंडाशी तुटलीय."

सुतळीची गाठ टपालाच्या गठ्ठ्याची होती. लोंबणारी वायर बरी दिसत नाही म्हणून कधीतरी काकांनीच ती आवळली होती. जन्मभर जे सैल दिसेल ते बांधायची सवय. "मीच," ते म्हणाले.

लेक हसली नाही. तिनं रबर पात्यानं चिरून उजवी मूठ सोलून काढली, नवी बसवली आणि वायर जोडायला पुन्हा हेडलाइटमध्ये वाकली. वाकली ती तशीच राहिली.

"बाबा, डाव्या मुठीच्या वायरमध्ये हा पांढरा तुकडा पाहिलात? हा रेझिस्टन्स आहे. वीज कमी करायला मुद्दाम बसवलाय."

"मुद्दाम? कशाला?"

"तेव्हाच्या गाडीची वीज ती केवढी! दोन्ही मुठींना पोटभर दिली असती तर दिवा मंदावला असता. तुमच्या त्या धुक्यात." तिनं वाकलेली मान वर केली. "टपाल देताना कुठला हातमोजा काढायचात?"

"उजवा. पाकिटं वेगळी करायला, सही घ्यायला..."

प्रत्येक दाराशी उघडा पडणारा, गारठणारा हात उजवा. बायकोनं आहे त्यात वाटणी केली होती आणि मोठा वाटा त्या हाताला दिला होता. आणि आपण बावीस वर्षं, येईल त्याच्यासमोर, ती हजर असताना! एका वाक्यात तिला आपलं तोंड बंद करता आलं असतं. पण नवऱ्याकडे विनोद एकच आहे हे तिला ठाऊक होतं. तिनं तोही काढून घेतला नाही. काकांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

लेकीनं काकूंचा डाग न तोडता त्याच्या पुढं दोन बोटांवर नवा जोड दिला, वायर सैल सोडली, मूठ फिरवून आपोआप परत येते ना ते पाहिलं. गाडी सुरू केली. थोड्या वेळानं उजवी मूठ तापली. डावी नेहमीसारखी कोमट झाली.

"आता नवा दिवा फारशी वीज खात नाही," ती कांडी हातात धरून म्हणाली. "आणि तुम्हालाही हातमोजा काढावा लागत नाही. हा तुकडा काढते, दोन्ही सारख्या तापतील."

"नको," काका डाव्या मुठीवर हात ठेवून म्हणाले. "राहू दे. मोजून दिलंय तिनं."