चिठ्ठी नसलेला पलंग

सामान हलवणाऱ्या कंपनीची माणसं घरी येऊन सगळं बांधतात, चढवतात, उतरवतात. आपण फक्त खुर्चीत बसून चहा प्यायचा, असं त्यांच्या जाहिरातीत लिहिलं होतं. ज्याने ती जाहिरात लिहिली, त्याने आमच्या वन्संना पाहिलेलं नव्हतं.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, मुलींच्या वसतिगृहावर रेक्टर म्हणून सगळी नोकरी काढली. निवृत्त झाल्या त्या दिवशी एक ट्रंक, एक शिट्टी आणि वसतिगृहाने निरोपादाखल दिलेला लोखंडी पलंग घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या. "काही दिवस राहीन म्हणते," म्हणाल्या. त्या काही दिवसांत आमची मुलगी शाळेतून कॉलेजात गेली, लग्न होऊन तिच्या घरी गेली. वन्संचे काही दिवस चालूच होते. पलंग असा करकरायचा, की त्यांनी कूस बदलली तर शेजारचे जागे व्हायचे.

रेक्टरची नोकरी सुटली, रेक्टर काही सुटली नाही. झोपायची वेळ झाली की त्या अजूनही पॅसेजमधून एक फेरी मारत आणि दाराखालून उजेड दिसला की खाकरत. त्यांचं खाकरणं ऐकून ह्यांनी मोबाइल पांघरुणात लपवलेला मी पाहिला आहे. हे तेव्हा ऑफिसात विभागप्रमुख होते, आणि ह्यांना पाहून चाळीसेक माणसं उठून उभी राहत.

माझं आणि वन्संचं भांडण असं कधी झालं नाही. भांडायला दोघींना सारखी संधी लागते. मी देवासमोर डोळे मिटले की त्यांना नेमकं मिक्सरचं काम निघे. "तुझा देव कुठे पळून चाललाय? भाजी मात्र करपेल," हे त्यांचं रोजचं. माझे देव स्वयंपाकघरात, फ्रिज आणि पिठाच्या डब्याच्या मध्ये. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक प्रार्थनेला फ्रिजच्या घरघरीची साथ आहे. देवाला आता माझा आवाज त्याशिवाय ओळखू येईल की नाही, शंका आहे.

हे निवृत्त झाले आणि कंपनीचं घर सोडायची वेळ आली. नवं घर आमचं स्वतःचं, पण आटोपशीर. म्हणजे लहान. हॉल, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि एक छोटी खोली. ती पाहायला गेलो तेव्हाच ह्यांनी मोठ्या मनाने सांगून टाकलं, "ही तुझ्या देवांची. दार लाव आणि बस हवा तेवढा वेळ." मला दारच आठवत राहिलं. देवांना दार असू शकतं, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग वन्सं? तेही ह्यांनी आणि धाकट्या भाऊजींनी फोनवर परस्पर ठरवलं होतं. भाऊजींचं घर दुसऱ्या शहरात, प्रशस्त. त्यांनी येऊन बहिणीला घेऊन जायचं. दोघा भावांत एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं. राहिलं होतं ते एकच काम. वन्संना सांगायचं.

"योग्य वेळ बघून सांगतो," हे म्हणाले.

योग्य वेळ चहाच्या आधी नव्हती, कारण तेव्हा ताईचं डोकं दुखतं. चहानंतरही नव्हती, कारण तेव्हा ती पेपर वाचते. त्या महिन्यातली माझी वही उघडली तर रोज तळाला एकच ओळ आहे: आजही ह्यांनी सांगितलं नाही.

सामान हलवणाऱ्या कंपनीचा माणूस पाहणीला आला. गळ्यात टाय, हातात टॅब. वन्संनी त्याला बूट बाहेर काढायला लावले आणि प्रत्येक कपाट स्वतः उघडून दाखवलं.

"मॅडम, तुम्ही काही बांधू नका," तो अदबीने म्हणाला. "तुम्ही बांधलेल्या खोक्यात काही फुटलं तर जबाबदारी आमची राहत नाही."

"माझ्या हातून आजवर काही फुटलेलं नाही," वन्सं म्हणाल्या.

टायवाल्याने जाताना रंगीत चिठ्ठ्यांचे कागद दिले. हॉलला निळ्या, स्वयंपाकघराला पिवळ्या, झोपायच्या खोलीला लाल, छोट्या खोलीला हिरव्या. जी वस्तू ज्या खोलीत जाणार, त्या खोलीची चिठ्ठी तिच्यावर. "जिच्यावर चिठ्ठी नाही, ती वस्तू गाडीत चढत नाही," तो म्हणाला. हे वाक्य ऐकताना वन्संच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, तसं मला ध्यानाला बसूनही कधी लाभलेलं नाही.

कागद त्यांनी ताब्यात घेतले. मग घरात काही शिल्लक राहिलं नाही. झाडूला पिवळी, पायपुसण्याला निळी. हे ज्या खुर्चीत बसले होते तिला ह्यांना न उठवता निळी. आणि बांधू नका म्हटलेलं सगळं त्यांनी बांधून काढलं; कपबश्या टॉवेलांत, टॉवेल उशांच्या अभ्र्यांत, आणि प्रत्येक गाठ अशी की सोडवायला कारागीर लागावा. माझ्या देवांच्या पेटीवर त्यांनी स्वतःच्या हाताने हिरवी चिठ्ठी लावली.

"छोटी खोली देवांची ना?" त्या म्हणाल्या. "बरं झालं. सुटले एकदाचे फ्रिजच्या तावडीतून."

मी कात्री शोधायला म्हणून त्यांच्या खोलीत गेले. ट्रंकेला दोरी आवळलेली. शिट्टी खिळ्यावरून काढून ट्रंकेवर ठेवलेली. पलंगावरची चादर घडी घालून उशाला. सगळं तयार, आणि कशावरही चिठ्ठी नाही. ना निळी, ना लाल, ना हिरवी.

मी ह्यांना गाठलं. "वन्संना कळलंय."

"कोणी सांगितलं?"

"कोणीच सांगितलं नाही. त्यावरूनच कळलं."

ह्यांनी बराच विचार केला. "मग आता वेगळं सांगायची गरज नाही म्हणतेस?" चेहऱ्यावर एवढी सुटका होती, की मी पुन्हा कात्री शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. माणसांचा मुकादम दाराएवढा उंच, आवाज मात्र एकदम मऊ. खोकी बघून त्याने कपाळाला हात लावला. "मोठ्या मॅडम, हे सगळं उघडून पुन्हा बांधावं लागेल. नियम आहे आमचा."

नियम हा शब्द त्याने वापरला नसता तर दिवस वाया गेला असता. "नियम असेल तर उघडा," वन्सं म्हणाल्या. "पण माझ्या देखत." मुकादमाची माणसं गाठींशी झुंजत बसली आणि वन्सं त्यांच्या डोक्यावर उभ्या राहून टॉवेल मोजत राहिल्या.

मग सामान खाली गाडीकडे जायला लागलं. वन्सं दारात ठाण मांडून. एक जण बादली घेऊन निघाला.

"हिची चिठ्ठी कुठाय?"

"बादली आहे ओ, मोठ्या मॅडम."

"मी कुठे म्हणते हत्ती आहे? चिठ्ठी लाव, मग ने."

हॉल रिकामा झाला, स्वयंपाकघर रिकामं झालं. माझे देव हिरवी चिठ्ठी मिरवत गाडीत जाऊन बसले. शेवटी मुकादम वन्संच्या खोलीच्या दाराशी थांबला.

"मोठ्या मॅडम, या पलंगाला चिठ्ठी नाही."

"नाही."

"ट्रंकेलाही नाही."

"तिलाही नाही."

"मग काय करायचं?"

"नियम काय आहे तुमचा?"

"चिठ्ठी नाही तर गाडीत नाही."

"मग मला काय विचारता?"

मुकादमाने ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना त्याच क्षणी गाडीचा नंबर नीट वाचायची निकड भासली आणि हे बाल्कनीत गेले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. वन्संनी मात्र कोणाकडेच पाहिलं नाही. त्या पदराच्या टोकाने पलंगाचा दांडा पुसत होत्या. तो आधीच लखलखीत होता.

अशा वेळी मी देवाला विचारते. पण देव गाडीत, आणि गाडी खाली. उरलेल्या चिठ्ठ्यांचा कागद खिडकीत पडला होता. मी एक सोलून काढली आणि पलंगाच्या डोक्याच्या बाजूला चिकटवली.

वन्सं जवळ येऊन वाकल्या. "ही हिरवी आहे."

"दिसतंय मला."

"हिरवी म्हणजे छोटी खोली. तिथं देव आहेत."

"देवांना फ्रिजची सवय आहे. तुम्हाला नाही लागायची."

"पलंग करकरतो."

"ते काय मला आज कळतंय?"

वन्संनी नखाने चिठ्ठीचं टोक उचललं आणि ती पूर्ण सोलून काढली. मुकादम बघत राहिला, मीही. चिठ्ठी बोटावर धरून त्यांनी दोन्ही कडा पारखल्या आणि तळव्याने दाबून ती पुन्हा त्याच जागी बसवली.

"वाकडी लावली होतीस," त्या म्हणाल्या. "आता उचला हो. दांड्याला धरा, जाळीला नको."

हे बाल्कनीतून आले तेव्हा पलंग जिन्यात होता आणि ट्रंकेवरही हिरवी चिठ्ठी होती. "ताई, मी तुला सांगणारच होतो—"

"काय, बाळ?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मुळीच मदत केली नाही.

"की... पलंग जपून न्यायला सांग."

"सांगितलंय," वन्सं म्हणाल्या.

धाकट्या भाऊजींना फोन मीच केला. ताई येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी फार वाईट वाटल्याचं सांगितलं, आणि तेही मी वाक्य पुरं करायच्या आत.

नव्या घरात माझे देव फ्रिज आणि पिठाच्या डब्याच्या मध्ये आहेत. दार छोट्या खोलीला आहे. वन्संना दार लावलेलं आवडत नाही, त्यामुळे ते उघडंच असतं. पहिल्या संध्याकाळी मी दिवा लावून डोळे मिटले आणि मिक्सर वाजला नाही. माझं मन भरून आलं. माणूस बदलतो, असं काहीतरी मी देवाशी बोलूही लागले.

मिक्सर अजून खोक्यातून निघाला नव्हता. दुसऱ्या दिवशी वन्संनी तो शोधून काढला.