सासूबाईंच्या डोक्यातले दोन पाहुणे

माझे थोरले साडू तीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहेत. रोग्याच्या पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात मेंदूचा विषाणू हुडकायचा, हे त्यांचं काम. प्रत्येक विषाणूची चाचणी वेगळी. एक सापडला, की फॉर्मवरच्या उरलेल्या चाचण्यांवर ते पट्टी धरून लाल रेघ मारत आणि चहाला जात. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत," असं वर मलाच सुनावत. माणूस हुशार, पण आपलंच घोडं पुढे दामटणारा.

मागे आमच्या सासूबाईंनाच ताप भरला. या थोरल्या जावयाला जन्मभर 'ध्यान' म्हणणारी बाई त्यांचे गाल ओढून "माझं सोनं गं!" म्हणू लागली, तेव्हा आमची पाचावर धारण बसली. मेंदूतच बिघाड, यात शंका उरली नाही. मला तर त्यांनी प्लंबर समजून गळका नळ दाखवला. त्याचा मला अजून राग आहे.

साडूंनी पाणी तपासलं. ओठांवर पुळ्या आणणारा विषाणू मेंदूत शिरला होता. मारली रेघ. औषध सुरू झालं, पण तीन दिवसांनीही ताप हटेना, आणि सासूबाई डोळे उघडेनात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध बरोबर आहे, मग गुण का येत नाही?"

मेहुणी नवऱ्यावर उखडली. "अहो, आई आपल्याकडे आली की दोन दिवसांत मावशी पिशवी घेऊन हजर होते ना? मग विषाणूंनाच काय मज्जाव आहे?"

साडू अनवाणीच प्रयोगशाळेकडे पळाले. फ्रीजरमधलं उरलेलं पाणी काढून त्यांनी रेघेखालच्या सगळ्या चाचण्या केल्या. दुसरा विषाणू सापडला! सांध्यांच्या गोळ्यांनी सासूबाईंची प्रतिकारशक्ती आधीच मंदावलेली, त्यामुळे दोघांचंही फावलं होतं. दुसऱ्याचं औषध निराळं होतं. तेही सुरू झालं.

पंधरवड्याने सासूबाई उशीला टेकून बसल्या. साडू पायाशी बसून लहान पोरासारखे रडले. "आई, माझ्या रेघेपायी तीन दिवस वाया गेले. तुम्ही हातच्या गेला असता."

सासूबाईंनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "मी वाचले हो. माझा जावईच तिथे कामाला. पण तीस वर्षांत ज्यांचा जावई तिथे नव्हता, त्यांचं काय झालं?"

साडूंनी डोळे पुसले आणि ते डॉक्टरीणबाईंना तीस वर्षांच्या रेघांबद्दल सगळं सांगायला गेले.