पाठमोरे पुतळे

आमची नाटक कंपनी बंद पडली, तेव्हा कुणी किराणा दुकान टाकलं, कुणी गावी जाऊन शेती धरली. कपडेपटाचा वसंता मात्र पडद्यामागून निघाला तो थेट काचेमागे गेला. नवीन जालन्यात स्टेशनकडून येताना साहेबरावांचं तीन मजली कापड दुकान लागायचं. आता तिथे मोबाइल विकतात. पण त्या काळी त्याच्या दर्शनी शोकेससमोर संध्याकाळी माणसं थांबायची, आणि ती वसंताने थांबवलेली असायची.

वसंता टेंभुर्णीचा. अंगाने काटकुळा, आणि तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे ओठ न उघडता बोलायचा. राणीचा शालू असो की भिकारणीचं लुगडं, सारख्याच मायेने चुण्या घालून नेसवायचा. शोकेसमध्येही तेच. नुसते कपडे टांगून ठेवणं त्याला जमलंच नाही. आपल्या भागातल्या पोरांनी कबड्डीची ढाल आणली की दुसऱ्या दिवशी एक पुतळा नव्या सफारीत मांडीवर थाप मारून उभा! जत्रेत कुणा टेंभुर्णीकराने कुस्ती मारली की पुतळ्याच्या डोक्यावर कोल्हापुरी फेटा आणि खांद्यावर गदा. साहेबराव कुरकुरायचे, "वसंता, दुकान हाये का आखाडा?" पण गल्ला बघून गप्प बसायचे.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीआधी कुंभार पिंपळगावच्या मुलींनी खो-खोत राज्याचं अजिंक्यपद आणलं. वसंताच्या अंगात वारं शिरलं. पंजाबी ड्रेस तेव्हा जालन्यात नवे नवे आले होते. त्याने ठरवलं, दिवाळीची शोकेस म्हणजे पंजाबी ड्रेसमधला खो-खो. उभ्या पुतळ्यांचे गुडघे काही वाकत नाहीत. म्हणून त्याने ब्लाउज दाखवायचे कमरेपर्यंतचे पाच पुतळे बुटक्या स्टुलांवर ठेवले, सलवारीत उशा कोंबून गुडघे केले, आणि पाचही जणी उकिडव्या बसवल्या. सहावी, पूर्ण उंचीची, पुढे झुकून धावणारी. तिची ओढणी बारीक दोऱ्याने अशी ताणली की वाटावं, आत्ता खांबाला वळसा घालते.

वसंता आणि मी रस्त्यापलीकडून बघत उभे राहिलो. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आम्हा दोघांनाही काहीच खटकलं नाही.

खटकलं ते पोरींना. जालन्यातला त्यांचा सत्कार आठ दिवसांवर होता. त्याच्या तयारीला त्यांचे सर त्यांना जालन्यात घेऊन आले होते. कुणीतरी सांगितलं म्हणून अख्खा संघ काचेसमोर आला. आणि असा हशा फुटला की ऑटोवालेही वळून बघू लागले.

"काका," कर्णधार बेबीनंदा डोळे पुसत म्हणाली, "ह्या खो-खो खेळून राह्यल्या, का पंगतीला बसल्या?"

पाचही पुतळे रस्त्याकडे तोंड करून ओळीत बसले होते! खो-खोत एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, हे शाळेत गेलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. वसंतालाही ठाऊक होतं. पण प्रेक्षकाला पाठ दाखवायची नाही, हा रंगभूमीचा नियम आमच्या हाडांत मुरलेला. त्याच्या हातांनी विचार न करताच पाचही तोंडं पब्लिककडे केली होती.

"अशा बसतोत आम्ही," म्हणत पोरी दुकानासमोरच उकिडव्या बसल्या. एक इकडे, एक तिकडे. वसंता नाटकातल्यासारखा दोन पावलं मागे सरून बघत राहिला. उठताना बेबीनंदा हळूच म्हणाली, "काका, सत्काराला माझी आई येणार हाये. खेळून काय भेटतं, म्हणती सारखी. ह्यावर्षी लगीनच लावून टाकू, म्हणती. तिला म्हनलं, जालन्याच्या काचेत आमचे पुतळे बसवलेत. तेवढं बराबर करा ना."

वसंता साहेबरावांकडे गेला. मीही गेले.

"पाठ?" साहेबराव गादीवरून उठलेच. "ऐन दिवाळीत गिऱ्हाईकाला पाठ दाखवतो का कोणी? आन् तुझ्या पुतळ्यांची पाठ मी बघितली न्हाई का?"

तेही खरंच होतं. पुतळे मुंबईचे, चवळीच्या शेंगेसारखे. पुढून अंगासरशी दिसणारा ड्रेस मागे गोळा करून टाचण्यांनी जखडलेला. डोक्यावर मागच्या बाजूला केसही नव्हते, नुसतं प्लास्टर.

"टाचणी दिसणार न्हाई, मालक."

"मालाला कैची लावायची न्हाई."

"बिलकुल न्हाई लावत. सत्कारापर्यंत द्या. गिऱ्हाईक फिरलं तर पुतळे पहिल्यासारखे वळवून ठेवतो, आन् मीबी टेंभुर्णीला वळतो."

साहेबराव माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमच्या नाटकवाल्यांना साधं बोलता येत न्हाई का?" म्हणजे परवानगी मिळाली.

कंपनीत एकच शालू तीन नायिकांना पुरवायचा असला की वसंता तो उलटा करून आतून कच्चा धावदोरा घालायचा. कापड कापायचं नाही, दोरा ओढला की माल पुन्हा होता तसा. तेच त्याने इथे केलं. मी सुईत दोरे ओवत बसले आणि माझ्या ट्रंकेतली गंगावनं दिली. वसंताने दोन पुतळ्यांच्या टाळूला ती चिकटवली, घट्ट वेण्या घातल्या, लाल रिबिनी बांधल्या. पण पुतळे वळवायची वेळ आली तेव्हा त्याचा हात थबकला.

"बाई, पाठ करू का?"

"कर," मी म्हणाले. "पण अशी कर, की लोकांनी तोंड विसरावं."

सत्काराच्या दिवशी दुपारी बेबीनंदा आईला घेऊन आली. दुर्गाबाई मोठ्या हाडाची बाई, हातात पिशवी, कपाळाला आठी. मागे सगळा संघ. वसंता दुकानाच्या खांबाआड उभा. साहेबराव दारात.

दुर्गाबाईंनी सगळी रांग न्याहाळली. "ह्यातली तू कोणती?"

"ती. दुसरी, पाठमोरी."

"तोंड तर दिसना."

"तोंड कशाला पायजे, आई? खो तर पाठीवरच भेटतो."

तेवढ्यात संघातली सगळ्यात लहान उषा धावत आली. पाठमोऱ्या पुतळीच्या मागे काचेवर थाप मारून जीव खाऊन ओरडली, "खो!"

"काच! आगं काच!" साहेबराव धावले. पोरी खिदळत होत्या. दुर्गाबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी वाकून त्या पाठीकडे पाहिलं. ताणलेला कणा, मानेखाली बांधलेली नाडी, एका बाजूला झुकलेली वेणी. पोरगी आत्ता, या क्षणी उठणार आहे असं वाटायला लावणारी पाठ होती ती.

"आशी बसती तू?"

"हां."

"आन् खो भेटला की?"

"मंग पळती."

दुर्गाबाईंनी मान हलवली. कपाळाची आठी तशीच होती. मग त्या साहेबरावांकडे वळल्या.

"मालक, ह्या पाठमोरीच्या अंगावरचा ड्रेस दाखवा. हिच्या मापाचा. पन जरा ढिला बघा, हिला पळायचं आसतंय."