देवाच्या पारड्यातली ढेप

मला आजही त्या डॉक्टरचा राग येतो, आणि त्याच्यासमोर नव्या लुगड्यात ऐटीत बसलेल्या त्या तरुण शहाणीचा, म्हणजे माझा, त्याहून जास्त. रोह्याला माझ्या मुकुंदाला आकडी आली होती. डॉक्टरने विचारलं, वजन किती? कोपऱ्यात काटा होता, पण त्याच्यावर औषधांचे खोके रचलेले. मी ताठ मानेने सांगितलं, चौदा किलो. नुकतीच नवसाची गुळाची तुला झाली होती ना. तो म्हणाला, "पंधरा धरू. गोळीचे तुकडे कुठे करत बसता, रोज एक पुरी द्या." मला वाटलं, केवढा उदार माणूस.

आकडी थांबली, पण पोर जागं राहीना. घास तोंडात तसाच ठेवून झोपे. सासूबाई म्हणाल्या, झोपतोय तर झोपू दे. मी देवळात जाऊन देवाला नको नको ते बोलले. गूळ घेतलास आणि पोर असं परत दिलंस? नमस्कारही न करता निघाले आणि पेणची एसटी पकडली. रामवाडीला माझी आई राहायची.

गाडीत मी उभीच. कोलाडला एका बाईला जागा मिळाली, तिने मुकुंदाला मांडीवर ओढून घेतलं.

"गो, ह्याच्यात वजनच नाय. माझी नात ह्याच्याहून लहान, पण मांडी मोडते."

मेली दृष्ट लावते, असं मनात म्हणत मी फणकारले, "चौदा किलो आहे. देवासमोर तोललाय."

ती हसली. "मंग देवाच्या पारड्यात वरची ढेप कुणी टाकली?"

मला ती तुला आठवली. देवाचं पारडं खाली टेकलंच पाहिजे, म्हणून सासूबाईंनी पारडी सारखी झाल्यावरही ढेपा टाकल्या होत्या. त्या सगळ्या गुळाचं वजन मी पोराचं म्हणून सांगितलं, आणि डॉक्टरने वर आपली भर घातली. बाई खांबला उतरली. मी नावही विचारलं नाही.

पेणच्या डॉक्टरांनी मुकुंदाला आधी काट्यावर ठेवलं. अकरा. "थोडं खाली-वर धरावंच लागतं, पण खऱ्या वजनावरून," ते म्हणाले आणि अर्धी गोळी लिहून दिली. पुढच्या आठवड्यात मुकुंदाने माझ्या आईचं ताट लाथेने उडवलं. एवढं गोड मी आजवर काही पाहिलेलं नाही.

ती बाई कोण, मला ठाऊक नाही. पण पाठ फिरवून निघालेल्या माझ्याबरोबर देवही एसटीत चढला, असं मी मानते. देवाला देताना आजही माझा हात सैलच असतो. मात्र नातवंडाला दवाखान्यात नेलं की काट्यावरचे खोके मी स्वतः उचलते. डॉक्टर आठ्या घालतो. घालू दे. पोर काट्यावर ठेवते, आकडा मोठ्याने वाचायला लावते, मग देवाला हात जोडते. बाकीचा भार त्याच्यावर.