धाकटीने पाठवलेली फाईल

आमची धाकटी काय करते, असं कोणी विचारलं की मी अजूनही अडखळते. थोरला दातांचा डॉक्टर आहे, ते चटकन सांगून होतं. धाकटी फाईली बिघडवते. चांगली, सरळ उघडणारी फाईल घ्यायची, तिच्यातली दोन-चार अक्षरं इकडची तिकडे करायची आणि ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमपुढे ठेवायची. "मला ही वाचता येत नाही" असं म्हणून प्रोग्रॅमने नकार दिला तर तो शहाणा. तो कोलमडला तर धाकटी खूश. हे सगळं ती हाताने करत नाही, तिचा कॉम्प्युटर दिवसाला लाखो फाईली बिघडवतो. त्याच्या मागून इतकी गरम हवा येते की थंडीत मी मोजे तिच्याच खोलीत वाळत घालते.

खोड जुनी आहे. आठवीत असताना शाळेच्या अर्जावर वयाच्या रकान्यात तिने "उणे सात" लिहिलं. कारकुनाने ते जसंच्या तसं रजिस्टरमध्ये उतरवलं आणि वर्षभराने ते कोणाच्या तरी लक्षात आल्यावर बोलावणं मला आलं. "कोणी वाचतं का ते बघत होते," ती म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता तेच काम करायला तिला एका कंपनीने ठेवलंय. कोलमडण्यात आनंद कसला, हे तिने मला एकदा पाण्याच्या तांब्यावरून समजावलं. फाईल आधीच सांगते, मी एवढी मोठी आहे. प्रोग्रॅम तेवढी जागा करतो. फाईल खोटं बोलली तर जास्तीचं शेजारच्या जागेत सांडतं, आणि तिथे प्रोग्रॅमने पुढे काय करायचं ते ठरलेलं असतं. सांडलेल्या भागात चोराने स्वतःच्या सूचना लिहून ठेवल्या असल्या, तर प्रोग्रॅम त्या आपल्याच समजून पाळतो. म्हणजे आपण नुसता कागद उघडून बघायचा आणि घराचा ताबा दुसऱ्याकडे.

"मग असले प्रोग्रॅम लिहितात कशाला?" मी विचारलं.

"विश्वास टाकणारी माणसं लिहितात, आई. तुझ्यासारखी."

या हिवाळ्यात तिला एका प्रोग्रॅममध्ये चोर शिरेल असं मोठं भोक सापडलं. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी सव्वीस वर्षांपूर्वी एकट्याने लिहिलेला प्रोग्रॅम, जुन्या-नव्या सगळ्या फाईली वाचणारा. त्यांनी तो जगाला फुकट देऊन टाकला होता, म्हणून जगाने तो उचलला. दवाखान्याच्या खिडकीत, विम्याच्या कचेरीत, कुठल्या कुठल्या प्रोग्रॅमांच्या पोटात तो बसलेला आहे आणि वापरणाऱ्यांना त्याचं नावही माहीत नाही. भोक सापडलं माझ्या फाईलमुळे. एकोणतीस वर्षं मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि माझ्या प्रश्नपत्रिकांत कोष्टकाच्या आत कोष्टक, त्याच्याही आत कोष्टक असे. तिला बिघडवायला विचित्र फाईली हव्या होत्या. "तुझ्यासारख्या फाईली कोणी म्हणजे कोणी बनवत नाही," ती म्हणाली. मी ते कौतुक धरून चालले.

त्यांच्या धंद्यातला नियम असा की भोक सापडलं की आधी बनवणाऱ्याला गुपचूप कळवायचं आणि नव्वद दिवस थांबायचं. नव्वदाव्या दिवशी सगळं जाहीर करायचं, दुरुस्ती झालेली असो वा नसो. मुदत नसली तर बनवणारे झोपा काढतात, असा त्यांचा अनुभव. पण काकांनी दुरुस्ती केली नाही, तर त्या सकाळी चोरांनाही पत्ता मिळणार, आणि तो पत्ता आमच्या मुलीच्या सहीने.

मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दिवस खोडायला लागले. विसावा दिवस, उत्तर नाही. तिने पुन्हा मेल केला. एकेचाळिसावा, तिसरा मेल. साठावा, चौथा.

"हात दाखवून अवलक्षण," मी म्हणाले. "त्यांनी विचारलं होतं का तुला, माझ्या कुलपात किल्ली घालून बघ म्हणून? उद्या पोलिसात गेले म्हणजे?"

"चोर आधी कळवत नाहीत, आई."

"पोलिसांना ते कोण सांगणार?"

जेवायला आलेल्या थोरल्याने वरण वाढून घेता घेता सांगितलं, "मी येईन जामिनाला. दात दुखत असले तर तेही बघेन."

ती हसली, पण जेवली नाही. तिला पोलिसांची भीती नव्हती. तिच्या डोळ्यांपुढून दवाखान्याची ती खिडकी हलत नव्हती. कंपनीत तिने मुदत वाढवून मागितली होती आणि सगळे म्हणाले होते, एकाला सवलत दिली की सगळे मागतात.

अडुसष्टाव्या दिवशी मी म्हणाले, "फोन कर."

"आमच्यात कोणी फोन करत नाही."

"पाणीपुरवठ्यातली माणसं फोन उचलतात. आयुष्यभर तक्रारीच ऐकल्यात त्यांनी."

काकांच्या एका जुन्या पानावर अगदी तळाशी घरचा नंबर होता. तिने लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. काकूंनी उचलला.

"मेल का?" काकू म्हणाल्या. "अगं बाई, त्यांचा मेल दोन महिन्यांपासून आजारी आहे. उघडला की मिटतो."

"मिटतो म्हणजे कसा?"

"डोळा मिचकावतो आणि जातो. मध्ये चार दिवस बरा होता, म्हटलं सुटलो. परत तेच. नवा कॉम्प्युटर घेतला, तरी तेच. हे त्या मेलवाल्यांना रोज शिव्या घालतात, तेवढाच व्यायाम."

धाकटी फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली होती. "आई, तो माझाच मेल आहे."

झालं होतं असं. बिघडवलेली फाईल कुलूपबंद करून पाठवायची आणि उघडायचा शब्द वेगळा कळवायचा, हे ती नव्या मुलांना शिकवते. पण भोक सापडल्याच्या आनंदात तिने फाईल उघडीच जोडली. पुढचे तीनही मेल पहिल्यावरूनच पुढे पाठवलेले, म्हणजे प्रत्येकाला तीच फाईल. काकांचा मेल आलेली फाईल आधीच थोडी उघडून दाखवायला जायचा, आणि दाखवायचं काम आतून काकांचाच प्रोग्रॅम करायचा. तो कोलमडला की त्याच्यासकट मेल बंद. तिचा मेल इतर मेलांखाली दबला की चार दिवस बरं, तोवर तिचा पुढचा हजर. म्हणजे तिने चार वेळा दार वाजवलं आणि चारही वेळा दारच पाडलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच, पण त्या क्षणी मी गप्प बसले. क्वचित जमतं मला.

काका फोनवर आले. तिने सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी. पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. ते हसत होते.

"म्हणजे दोन महिने मी ज्याला शिव्या घालतोय, तो मीच."

"थोड्या मलाही घाला, काका."

"त्या घालीनच. कुठली ओळ, वाच बघू. थांब, चष्मा."

तिने ओळ वाचली. काका पुटपुटत राहिले. "हो. इथे फाईलने सांगितलेला आकार मी तसाच मानला. त्या काळी फाईली आम्हीच बनवायचो गं. खोटं कोण बोलणार?"

सहा दिवसांत त्यांनी दुरुस्ती केली. धाकटीच्या कॉम्प्युटरने ती चार दिवस झोडपली, एक बारीकसं भोक निघालं, तेही काकांनी बुजवलं. एकोणऐंशीव्या दिवशी नवा प्रोग्रॅम बाहेर पडला आणि ज्यांच्या ज्यांच्या पोटात तो होता, ते भराभर तो बदलून घ्यायला लागले. मी दवाखान्यात माझ्या गुडघ्याचं निमित्त काढून गेले. खिडकीतल्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "काल सगळं बदलून गेले हो, तेव्हापासून प्रिंटर चालत नाही." इतका गोड प्रिंटर मी पाहिला नव्हता.

नव्वदाव्या दिवशी धाकटीने हकिगत जाहीर केली. तिच्यात मेलचा घोटाळाही होता.

"तो कशाला लिहायचा?" मी म्हणाले. "चारचौघांत हसं."

"नाही लिहिला तर आणखी कोणीतरी तेच करेल."

लोक हसले, आणि काकांनी तर स्वतःच्या पानावर तो भाग ठळक करून लावला. आता त्यांचा फोन दुपारी येतो. मेल बरा झालाय, पण त्यांना फोनची गोडी लागली. ती कामावर असते म्हणून मीच उचलते. "नवं लिहिलंय," ते म्हणतात, "तिला सांगा, आली की मोडून बघ." त्या वेळी काकू मागून विचारतात, मुलगी जेवते ना वेळेवर. जेवते, मी सांगते, आणि निरोप फ्रिजवर लावून ठेवते.