देवीच्या आधीचं ताट

विमलकाकू गेल्याची बातमी मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितली. मी शिकवते ती शाळा शनिवारी दुपारी सुटल्यावर घरी जायला म्हणून मी साकोलीच्या स्टँडवर गाडीत चढले, तर कंडक्टर आमच्याच गावचा निघाला. एरवी तो मला पाहिलं की हसतो. त्या दिवशी तिकीट फाडता फाडता त्याचा हात थांबला. "ताई, तुमाले निरोप नाई भेटला का? तुमची जवाहरनगरची काकू सकाळीच गेली जी. अंगण झाडता झाडता खाली बसली, ते बसलीच..." मी भंडाऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान कापून झालं होतं आणि मोकळ्या बांध्यांमध्ये गुरं चरत होती. रडू आलं नाही, याचं मला तेव्हा नवल वाटलं. आता दीड महिना झाल्यावर वाटतं, रडण्यासारखं तिनं मागे फारसं काही ठेवलंच नव्हतं. जे सोडवायचं होतं ते ती सोडवून गेली होती.

काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. अड्याळजवळच्या आमच्या खेड्यात ती लग्न करून आली, त्यानंतर वर्षादोन वर्षांत मधुकाकांना जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरी लागली. क्वार्टर मिळेपर्यंत ते तिकडे एका मित्राच्या खोलीवर राहायचे आणि काकू आमच्याकडे, एकत्र घरात. तिचा विजू आणि मी एकाच वर्षीचे. मी दोन महिन्यांनी मोठी. आम्ही दोघं एकाच झोळीत झोपलो, एकाच ताटलीत जेवलो, असं आई सांगते. मला त्यातलं काही आठवत नाही. आम्ही चार वर्षांचे असताना दोघांच्याही अंगावर गोवर उठला. आमच्याकडे त्याला माता आली म्हणत. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा, फोडणी द्यायची नाही, बाहेरच्या माणसाला आत घ्यायचं नाही आणि लेकराला दवाखान्यात मुळीच न्यायचं नाही. नेलं तर देवी कोपते. तिसऱ्या दिवशी विजूचा श्वास धाप लागल्यासारखा चालू लागला. काकूनं त्याला खांद्यावर घेतलं आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात निघाली. माझी आई, म्हणजे तिची मोठी जाऊ, दारात आडवी उभी राहिली. "विमल, पाया पडते तुह्या. माता अंगात असताना उंबरा वलांडू नको." घरातल्या मोठ्यांचंही तेच मत पडलं. काकू तेव्हा जेमतेम विशीतली. ती परत आत गेली. दुसऱ्या दिवशी विजू गेला. मी वाचले.

"तुह्या देवीनं माह्यं लेकरू खाल्लं, आन् तुह्यं ठेवलं," एवढं एकच वाक्य काकू आईला बोलली. पुढं क्वार्टर मिळालं. काकू गेली ती आमच्या गावाकडे फिरकलीच नाही.

वर्षातून एकदा, नवीन तांदूळ निघाला की वडील मधुकाकांना पोतं पोहोचवायला जवाहरनगरला जात. कधी कधी मी सोबत असे. खेड्यातल्या पोरीला ते क्वार्टर म्हणजे राजवाडाच. घरात नळ, डोक्यावर पंखा, गॅसची शेगडी, पलंगावर क्रोशानं विणलेली झालर. मधुकाका ड्यूटीच्या बसमधून उतरून सरळ घरी येणारे, पगार वेळेवर आणणारे, दारूच्या थेंबाला न शिवणारे. शेजारच्या बायका म्हणत, 'विमलबाईला काय कमी आहे?' फक्त देवाचा कोनाडा तेवढा नव्हता. भिंतीवर एखादं कॅलेंडर असायचं, तेही फॅक्टरीच्या सोसायटीचं. काकू मला पोटभर खायला घाले, नवा फ्रॉक देई, केसांना तेल लावून वेणी घाले... पण पाठीमागून. समोर बसवून तिनं माझ्या तोंडाकडे कधी पाहिलं नाही. मला वाटे, मोठ्या घरच्या बायका अशाच असतात. परत आलं की आई विचारी, "काकू काई बोलली का वं?" मी नाही म्हटलं की ती पुन्हा सूप हातात घेई.

त्यांना पुढं मूल झालं नाही. काकू मला नंतर सांगायची, "शोभे, मले कायचाच तरास नव्हता. दुपारी बारालेच माह्यं सगळं काम होऊन जाये. मंग मी फरशी पुसो. पुसलेली फरशी पुन्हा पुसो. एक दिवस हातात फडकं घेऊन उभी होती, आन् वाटलं, मी मेली तं या घरात काय फरक पडन? फरशीवर धूळ बसन, दुसरं काय!" हे ती हसत सांगायची. पण त्या काळात ती हसत नसावी.

शेजारच्या बाईंनी उपदेश घेऊन महानुभाव पंथात प्रवेश केला होता. त्यांच्याकडे गुरुवारी चार बायका नामस्मरणाला जमत. काकूला त्या बोलवत, ती टाळे. पण एकदा बोलता बोलता तिला कळलं, की हे लोक देवीची पूजा करत नाहीत, तिचा प्रसादही खात नाहीत. "मनून तं गेली मी," काकू म्हणायची, "देवावर रुसलेली होती, पन देवीवर तं माह्यं भांडनच होतं. हे लोक आपल्या पार्टीचे वाटले मले." गेली ती अशी भांडणापायी, आणि रमली. तिथं एकमेकांना भेटल्यावर लहान-थोर सगळेच 'दंडवत' म्हणतात. कुणीतरी आपल्यासमोर हात जोडून वाकतं आहे आणि आपणही वाकतो आहोत, याचं तिला पहिल्यांदा हसू आलं, मग सवय झाली, मग गोडी लागली. वर्षभरानं तिनं उपदेश घ्यायचं ठरवलं. त्यासाठी एक म्हाताऱ्या तपस्विनी आल्या होत्या. त्यांनी सहज विचारलं, कोणावर राग धरून आहेस का?

काकूनं सगळं सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. जावेनं दार कसं अडवलं, लेकरू कसं गेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जावेचं लेकरू कुठं होतं गं तेव्हा?"

"घरातच. तिलेबी तेच झालं होतं."

"मग तिला नेलं का दवाखान्यात?"

"नाई."

तपस्विनी म्हणाल्या, "म्हणजे तिनं तुझ्या लेकराला आपल्या लेकरासारखंच वागवलं की, बाई."

काकू सांगायची, त्यानंतर त्या बाई उठून गेल्या, शेजारीण चहा करून गेली, चहावर साय धरली, तरी ती तिथंच बसून होती. इतकी वर्षं तिनं ते दार आठवलं होतं, दारातली जाऊ आठवली होती. पण दारातल्या जावेच्या मागे, आतल्या गोधडीवर, तिची स्वतःची पोरही तशीच तापानं फणफणत होती, हे तिच्या डोळ्यांपुढे कधी आलंच नव्हतं. "तुही मायबी जुवाच खेळली वं, शोभे. माह्या लेकरावर खेळली तशी तुह्यावरबी. तिचा डाव लागला, माहा गेला. मंग मी तिले कसाई काहून समजून राहिली होती?"

ती आली तो दिवस मला लख्ख आठवतो. मी तेव्हा अकरावीत होते. मळणी आटोपली होती, आई अंगणात धान पाखडत होती. फाटकातून काकू आत आली. हातात पिशवी, पायांवर रस्त्याची धूळ. आईनं मान वर केली आणि सूप तसंच हवेत राहिलं. काकू सरळ पुढं आली, "दंडवत, बाई," म्हणाली आणि आईच्या पायांवर वाकली.

सूप खाली पडलं. "मले कायले पाया पडून राहिली, विमल? पाया तं मीनं पडाले पायजे तुह्या..."

"बाई, तूनं शोभीलेबी नेलं नव्हतं," काकू म्हणाली. "मले आता समजलं."

आई खाली धानातच बसली. हे वाक्य तिला स्वतःला कधी बोलता आलं नसतं. तिची पोर जिवंत होती, त्यामुळे तिच्या तोंडून ते वाक्य निघालं असतं तर ती सफाई वाटली असती. म्हणून ती बारा वर्षं गप्प राहिली होती. आता ज्या बाईचं लेकरू गेलं तिनंच ते बोलून दाखवलं. दोघी किती वेळ रडल्या कोण जाणे. कोंबड्यांनी तेवढ्यात बरंच धान खाल्लं. शेवटी आईच डोळे पुसत म्हणाली, "शोभे, हाकल वं त्याइले!" मी कोंबड्या हाकलून वळले, तर काकू माझ्याकडे पाहत होती. समोरून. बराच वेळ. मग म्हणाली, "नाक आपल्या घरचंच हाय. विजूचंबी असंच होतं."

त्यानंतर काकू दर पंधरवड्याला गावी येऊ लागली, कधी आठ-आठ दिवस राहू लागली. मधुकाका आढेवेढे घेत स्वयंपाक शिकले. दोघी जावांचं सगळंच पटे असं मात्र मुळीच नाही. आमची चूल धूर करते, आईची दातांना तंबाखूची गुडाखू घासायची सवय घाण आहे, यावर काकू बोल बोल बोलायची. आई देवी सोडणारी नव्हती आणि काकू देवीच्या नैवेद्याला शिवणारी नव्हती. सणावारी पुरणपोळ्या झाल्या की मोठा पेच. त्यावर आईनंच तोड काढली. नैवेद्य दाखवायच्या आधी ती काकूचं ताट वाढून बाजूला झाकून ठेवी. जी बाई देवीच्या भयानं दारात आडवी उभी राहिली होती, ती आता देवीच्या आधी जावेला वाढत होती. मी एकदा चिडवलं, "आई, देवी कोपन ना!" तर म्हणाली, "कोपू दे. तिले रोजच भेटते."

त्याच सुमारास अड्याळहून नर्सबाई लहान लेकरांना गोवराची सुई द्यायला येऊ लागल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा अर्ध्या गावानं दारं लावून घेतली. माता अडवायची म्हणजे काय! काकू आईला घेऊन घरोघर फिरली. तिनं कुणाच्या देवीला नावं ठेवली नाहीत, विजूचं नावही काढलं नाही. ते गावाला ठाऊकच होतं. ती फक्त म्हणायची, "देवीले निवद द्या, आन् लेकराले सुई द्या. दोघंबी खूश." मागं आई उभी असे. आईला बोलता येत नसे, ती नुसती मान हलवी. मला वाटतं, काकूच्या बोलण्याइतकाच त्या मान हलवण्याचाही उपयोग झाला. हळूहळू बाया लेकरं घेऊन येऊ लागल्या. काकू रडणाऱ्या पोरांच्या हातावर गुळाचा खडा ठेवी आणि प्रत्येकाला हात जोडून 'दंडवत' म्हणे. ती पोरंही आता तिला दंडवतकाकू म्हणायला लागली होती.

मी एकदा तिला विचारलं होतं, की खरंच सगळा राग गेला का. तिनं जरा विचार केला. "सगळा कसा जाईन? चांगलं जेवणखाण झालं, वारा सुटला, का येतो थोडासा. मंग मी मनते, ये, बस. थोडा वेळ बसतो, जातो." मग म्हणाली, "पन आता मले दिवस पुरत नाई वं, शोभे. क्वार्टरात तं सरत नव्हता."

तिला पंथाच्या रीतीप्रमाणे जवाहरनगरजवळच्या माळावर पुरलं. आई आली होती. माती देताना तिनं हात जोडले. मधुकाकांनी तिला धरून बसमध्ये बसवलं.

मागच्या रविवारी मी गावी होते. जेवणं आटोपल्यावर आई नेहमीसारखी ओसरीवर आडवी झाली. काकू असली की दुपारी त्या दोघी एकाच मोठ्या चटईवर पडत आणि डोळा लागेपर्यंत कुजबुजत. आता काकू नाही, तरी आई भिंतीला चिकटून, अंग चोरून झोपली होती. अर्धी चटई मोकळी. मी म्हटलं, "आई, नीट ऐसपैस झोप ना. सगळी चटई तुलेच हाय."

आईनं डोळे उघडले नाहीत. "राहू दे," ती म्हणाली. "तिले पाय पसरून झोपाची सवय हाय."